आबांचं प्रस्थान

लग्न होऊन मी पेणहून चौलला आले, तेव्हा त्या घरातली पहिली गोष्ट माझ्या कपाळाला लागली ती एक बोचकं. लागली म्हणजे खरोखरच लागली. पडवीच्या वाशाला काथ्याच्या दोरानं टांगलेलं, पिवळ्या फडक्यात बांधलेलं, आणि नव्या नवरीच्या बरोबर मुंडावळ्यांच्या उंचीवर. मी कपाळ चोळत सासूबाईंना विचारलं, "हे काय हो इथे?"

"ते होय? ते शेजारचे आबा. आफ्रिकेला गेलेत."

मी शेजारच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे एक उंच, काटकुळे गृहस्थ मांडी घालून सुपारी कातरत बसले होते आणि मान वर करून आमच्या माडाच्या शेंड्यावर काहीतरी बघत होते.

"मग ते कोण बसलेत?"

"तेच आबा," सासूबाई म्हणाल्या. "तू हातपाय धू आधी. कळेल हळूहळू."

हळूहळू कळलं. मिठाच्या सत्याग्रहाच्या तीनचार वर्षं आधीची ही गोष्ट. शेजारचे सदाशिव राऊत, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, त्यांनी आमच्याकडे प्रस्थान ठेवलं होतं. प्रस्थान म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगायला हवं. मुहूर्त आजचा आहे आणि निघायला मात्र आज जमत नाही, अशा वेळी जाणाऱ्यानं आपलं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड, चार अक्षता असं फडक्यात बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. ठेवलं की माणूस निघाला असं धरायचं. मग दोनतीन दिवसांनी खरोखर निघताना ते उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. पथ्य एकच. ठेवलेलं प्रस्थान माघारी घरी न्यायचं नाही. नेलं तर प्रवास मोडला.

आमचं घर वाडीच्या टोकाला, समुद्राकडचं शेवटचं. आमच्या मागे केवड्याचं बन, मग वाळू, मग पाणी, आणि पाण्यापलीकडे थेट आफ्रिका. तेव्हा बोचकं आमच्याकडे. दोन दिवसांसाठी ठेवलेलं ते बोचकं मी आले तेव्हा वर्षभर लोंबकळत होतं, आणि पुढे माझी दोन मुलं त्याच्याखाली रांगायला शिकली.

आबांना आफ्रिकेला व्यापार करायचा नव्हता, नोकरी करायची नव्हती. त्यांना तिथे पक्षी बघायचे होते. हे पहिल्यांदा ऐकल्यावर मला हसू आवरेना. चौलच्या वाडीत पक्ष्यांना काय तोटा होता? सकाळी उठावं तर धनेश फणसावर भांडतायत, विहिरीवर खंड्या, पोफळीत तांबट ठोकतोय. मी तसं म्हटलंसुद्धा. आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सूनबाई, चातक बघितलायस?"

"मृगाच्या आधी ओरडतो तो ना?"

"तोच. इथे येतो, चार महिने राहतो, पोरंबाळं वाढवून घेतो, तीही दुसऱ्याच्या घरट्यात, आणि जातो. कुठे जातो? समुद्रावरून जातो. माझा गलबतवाला दोस्त आहे ना, नाखवा, तो सांगतो, पार आफ्रिकेच्या वाटेवर त्याच्या गलबताच्या दोरावर बसलेली पाखरं त्यानं बघितलीत. म्हणजे पाहुणा दरसाल आपल्याकडे येतो. आपण एकदा तरी त्याच्याकडे जायला नको? ही कुठली रीत?"

हे मात्र मला पटलं. आमच्या पेणला दोन वर्षं कोणी उलट भेटीला गेलं नाही तर तोंड फिरवतात.

आबांचं जाणं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. एका वर्षी पुतणीचं लग्न निघालं. एका वर्षी सुपारीवर रोग पडला, ऐन फळ गळून गेलं. एका वर्षी काकूंनाच टायफॉईड झाला आणि आबा महिनाभर त्यांच्या उशाशी बसून राहिले. काकू म्हणजे आबांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ, आणि शकुन-अपशकुनाला अशा पक्क्या की मांजर आडवं गेलं तर विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन परत यायच्या. दरवर्षी चांगला दिवस बघून त्या आमच्याकडे यायच्या आणि बोचक्यावर हळदकुंकू वाहून म्हणायच्या, "मेलं एकदाचं जा तरी, नाहीतर राहा तरी!" पण बोचकं घरी न्यायचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही.

आबांनी मात्र या प्रस्थानाचा असा काही उपयोग करून घेतला की काय सांगू! ते गेलेले होते ना? मग ते गावात नव्हते. एकदा दोन चुलतभाऊ बांधाचं भांडण घेऊन त्यांच्याकडे आले. आबांचा शब्द गावात मानत. आबा ओट्यावर बसून दुर्बीण पुसत होते. त्या दुर्बिणीची एक काच तडकलेली, त्यामुळे ते एकच डोळा लावून बघायचे.

"आबा, तुम्हीच निवाडा करा."

"केला असता हो. पण मी गावात नाही. प्रस्थान ठेवलंय."

"अहो, समोर तर बसलायत!"

"दिसतोय खरा," आबा गंभीरपणे म्हणाले. "पण त्यावर जाऊ नका. आलो परत की बघू."

दोघं भाऊ पायऱ्या उतरता उतरता इतके हसले की वाटेतच त्यांचं मिटलं. पण हाच गेलेला माणूस कोणाकडे पुरणपोळीचं जेवण असलं की बरोबर पानावर हजर. कोणी टोकलं की म्हणायचे, "वाटसरूला जेवू घालावं. पुण्य लागतं. वाढा."

प्रवासाची आखणी त्यांच्या माजघरात चालायची, आणि तीही काकूंच्या रांगोळीनं. जमिनीवर रांगोळीचा किनारा ओढायचा, इथे मोंबासा, इथून आगगाडी वर चढते, हा डोंगर, हे जंगल, झाडांना शेवाळाच्या दाढ्या आहेत म्हणे, तिथे थंडी, म्हणून दोन घोंगड्या. पुढे पाणथळ. लव्हाळ्यासारखं गवत, पण माणसाच्या दुप्पट उंच, आणि त्यात उभा एक पक्षी, वहाणेएवढ्या चोचीचा. हे सगळं त्यांना अर्धं अलिबागच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकातून आणि अर्धं नाखव्याच्या मेव्हण्याकडून कळलेलं, ज्याचं तिकडे आत एका तळ्याकाठी दुकान होतं. तळी दाखवायला आबा गुलाल वापरायचे. कारण त्या तळ्यांवर रोहित पक्षी उतरतात, इतके, की पाणी दिसत नाही, नुसतं गुलाबी. काकू हातात शेणाचा गोळा घेऊन दारात उभ्या राहायच्या. "अहो, मला सारवायचंय. तुमची आफ्रिका उचला बघू."

रोहित उडतो कसा, हे दाखवणं हा तर आबांचा खास प्रयोग. बगळा मान दुमडून उडतो. हा मान सरळ पुढे काढतो आणि पाय सरळ मागे. हे नुसतं सांगून आबांचं समाधान व्हायचं नाही. ते लांब बाकावर पालथे पडायचे, मान पुढे ताणायची, पाय मागे काठीसारखे, हात पसरून हळूहळू वरखाली. धोतराची एक निरी लोंबतेय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आलेल्या पाहुण्यांना पाणी देण्याआधी हा रोहित. काकू कपाळावर हात मारायच्या, "देवा, ह्या माणसाला कोणी उठवा रे! सुनेसमोर तरी पालथे पडू नका!" मला तर तो प्रयोग इतका आवडायचा की माहेरून कोणी आलं की मीच त्यांना शेजारी घेऊन जायची.

तालमीही चालायच्या. डोंगर चढायची सवय हवी म्हणून पाठीवर दोन घोंगड्या बांधून दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढायच्या. लोकांना वाटायचं, केवढी भक्ती! पाणथळीची सवय हवी म्हणून रेवदंड्याच्या खाडीत चिखलात उभं राहायचं. एकदा डोक्यावर तिवराच्या पानांची टोपली पालथी घालून ते सकाळपासून असे उभे होते. तुतवारीचा थवा अगदी चार हातांवर आला होता म्हणे. तेवढ्यात मासळी घेऊन निघालेल्या कोळणी काठावर आल्या.

"अगो बाय, ता टोपलं हलतंय बग! कोन हाय?"

टोपलीखालून कुजबुज आली, "कोणी नाही. पुढे जा."

"आबा हायती! आबा, काय हरवलंय का चिखलात?"

"हळू बोला गो! पाखरं उडतील!"

पाखरं काय उडाली असतील ती उडाली. पण भरती वर चढत होती हे आबांच्या ध्यानात नव्हतं, आणि ध्यानात आलं तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत रुतलेले. शेवटी त्या कोळणींनीच होडीचा दोर टाकून त्यांना ओढून काढलं. त्यातली एक म्हातारी हसून हसून वाकली होती. "आबा, जरा थांबला असता तर फुकटात गेला असता आफ्रिकेला, व्हय की न्हाय?" आबा चिखलानं माखलेले, टोपली अजून डोक्यावर. ते म्हणाले, "पोले पोले." नाखव्यानं शिकवलेला तिकडचा शब्द. म्हणजे हळूहळू, सावकाश. पुढे आमच्या वाडीतले पोफळीवर चढणारे गडीसुद्धा एकमेकांना "पोले पोले" म्हणायला लागले.

आता नाखव्याबद्दल सांगायला हवं. इस्माईल नाखवा मुरूडचा. स्वतःचं गलबत, स्वतःच त्याचा कप्तान. पावसाळा संपून वारा फिरला की कौलं भरून तिकडे जायचा आणि झांजीबारच्या लवंगा घेऊन पावसाच्या आधी परत. पांढरी दाढी, डोळे सतत बारीक केलेले, बोलणं कमी. आबा त्याला तासन् तास प्रश्न विचारायचे. दोरावर पाखरं बसली तर तुम्ही काय करता, हा त्यांचा आवडता प्रश्न. उत्तर पाठ असूनही परत विचारायचे.

"काय करनार? बसू देतो," नाखवा म्हणायचा. "आमच्या गलबतावर कायदा हाय, आबा. माझ्या बापाचा. दर्यात थकलेलं पाखरू ज्या दोरावर बसंल, तो दोर ते उडंस्तवर सोडायचा न्हाय. शीड फिरवायचं असंल तरी न्हाय. खुदाचा मेहमान हाय तो."

"आणि वारा बदलला तर?"

"मग बदलू दे."

एका वर्षी या नाखव्यानं आबांसाठी एक पीस आणलं. डोंगरातल्या जंगलातल्या एका पक्ष्याचं, मेव्हण्यानं जमिनीवरून उचलून पाठवलेलं. असं लाल मी जन्मात बघितलं नव्हतं. कुंकू त्याच्यापुढे फिकं. आबा ते तळहातावर घेऊन घरोघर दाखवत हिंडले, जेवायचं विसरले.

पण काकूंच्या घरात समुद्रापलीकडची वस्तू अशीच कशी ठेवायची? आबा झोपलेले बघून काकूंनी ते पीस राखेच्या पाण्यात बुडवलं. भांडी त्यानंच स्वच्छ होतात, मग पिसाला काय झालं? थोड्या वेळानं बघतात तर पाणी गुलाबी आणि पीस फिकुटलेलं! काकूंनी वाटी हातात घेऊन ओटा दणाणून सोडला. "रंगवलेलं! कोंबडीचं पीस रंगवून दिलंन तुम्हाला! आणि तुम्ही त्याच्या भरवशावर समुद्र ओलांडणार?" हे त्या नेमकं नाखवा पायऱ्या चढत असताना बोलल्या.

नाखवा पायरीवरच थांबला. पायात वहाणा सरकवल्या आणि निघून गेला. आबा त्याच्यामागे अनवाणी धावले, पण तो थांबला नाही. वर्षभर त्यांनी आफ्रिका मांडली नाही. काकू रोज सारवायच्या, जमीन कोरी. शेवटी काकूच मला म्हणाल्या, "मला हे स्वच्छ घर बघवत नाही गो."

पुढल्या हंगामात नाखवा आला. ओट्यावर न बसता अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "भाभी, दोन वाट्या द्या. एकीत विहिरीचं पानी, एकीत राखेचं." त्यानं खिशातून दुसरं पीस काढलं, तसंच लाल, आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवलं. आम्ही सगळे वाटीभोवती. पाणी स्वच्छ. मग तेच पीस राखेच्या पाण्यात, आणि पाणी गुलाबी व्हायला लागलं. "मेव्हन्याला इचारलं मी. तो बोल्ला, रंग पाखराच्याच अंगचा हाय. पावसात धुपत न्हाय, साबनात आन् राखेत सुटतो. तिकडं सगळ्यांना ठावं हाय. बाकी खुदा जाने."

काकूंनी पदर सावरला आणि सरळ पुढे होऊन म्हणाल्या, "चुकलं माझं, भावजी. मी फार वाईट बोलले. आज इथेच जेवायचं, नाही म्हणायचं नाही." त्या दिवशी त्यांनी नारळाच्या दुधातली घावनं केली आणि नाखव्याच्या ताटात वाढतच राहिल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी अट जाहीर केली. "ह्यांनी जायचं तर इस्माईलभावजींच्याच गलबतातून. दुसऱ्या कोणाबरोबर मी पाठवणार नाही. आणि आमच्या प्रस्थानासकट जायचं." आबांना आगबोट तशीही नकोच होती. आगबोटीतून पक्षी दिसत नाहीत, नुसता धूर दिसतो, असं त्यांचं मत. दुसऱ्याच दिवशी माजघरात आफ्रिका परत उगवली, आणि या वेळी गुलाल काकूंनी आणून दिला.

आणि मग ते वर्ष आलं. आबांची साठी उलटून गेली होती. दिवाळीनंतर नाखवा येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, ही माझी आखरी खेप. डोळं गेलं माझं. पोरं बोलतात गलबत इका. फाल्गुनाच्या आत जानार, यायचं तर या." आबा नुसतं हो म्हणाले. पण त्या दिवसापासून घरातलं लग्नकार्य असल्यासारखी तयारी सुरू झाली. कागदपत्रं अलिबागेहून झाली. लाडू झाले. घोंगड्यांना ऊन दाखवलं. सुपारी या वर्षी उत्तम, लग्न कोणाचं नाही, आजारी कोणी नाही. काकू सतत उंबऱ्याला हात लावत होत्या, कारण इतकं सगळं नीट चाललेलं त्यांना सहन होत नव्हतं.

तर माघ महिन्यात आमच्या पडवीत एक शिंजीर फिरायला लागली. फुलातला मध पिणारा तो अंगठ्याएवढा पक्षी, त्याची मादी. तिला वाडीतल्या इतक्या झाडांत जागा मिळाली नाही. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, कापूस आणून आणून तिनं बोचक्याच्या दोराला घरटं बांधलं, आणि तेही असं की त्याचा खालचा अर्धा भाग बोचक्याच्या गाठीतच विणलेला. वर छोटीशी पडवीसुद्धा काढली. आबांचा आनंद काय वर्णावा! ते आमच्याकडे मुक्कामालाच आले. काकू तक्रार करत आल्या, म्हणाल्या, "मी आपलं बोचकं शाबूत आहे ना ते बघायला आले," आणि मग त्याही रोज येऊन बसायला लागल्या. हातात काठी. कारण एक कावळा टपलेला असायचा. ज्या काकूंनी जन्मात चिमणीला नावानं ओळखलं नव्हतं, त्या मला सांगायच्या, "आत्ता तिसऱ्यांदा आली बघ. कोळ्याचं जाळं आणलान चोचीत."

अंडी फुटून पिल्लं बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी नाखव्याचा निरोप आला. माल आधीच भरून झाला, वारा उत्तम लागलाय, परवा निघायचं.

आम्ही सगळे पडवीत जमलो. कोणी म्हणालं घरटं कापून झाडावर बांधा. आबा म्हणाले, आई टाकून जाईल. कोणी म्हणालं बोचकं राहू द्या, भटजींना विचारून दुसरं बांधू. सगळे काकूंकडे बघायला लागले. काकूंचा चेहरा उतरला. दुसरं प्रस्थान म्हणजे पहिलं मोडलं, आणि पहिल्यावर इतक्या वर्षांचं त्यांचं हळदकुंकू. त्या काही बोलणार एवढ्यात आबाच म्हणाले, "दुसरं नको. तुझ्या मनाला रुखरुख लावून मी जाणार नाही, आणि पिल्लं पाडूनही जाणार नाही. राहिलं म्हणायचं."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. दुर्बीण गळ्यातून काढली, खुंटीला लावली आणि घरट्याकडे बघत बसले. बघताना हसतही होते, कारण पिल्लानं चोच बाहेर काढली होती. पण ते हसू बघून मला आत जाऊन रडावं लागलं. सगळं आयुष्य त्या माणसानं आखणी केली, आणि आडवा आला तो एक पक्षीच. आता रागवायचं तरी कोणावर?

बाहेर आले तर काकू नाहीत. त्या एकट्या, चालत, रेवदंड्याच्या बंदरावर गेल्या होत्या. गड्याशिवाय कधी वेशीबाहेर न पडलेली बाई! दुपारी त्या परत आल्या त्या नाखव्याला घेऊनच. नाखवा वाटभर सांगत होता, "भाभी, वारा काय माझ्या बापाचा हाय? मी कसा थांबू?" आणि काकू एकच सांगत होत्या, "नका थांबू. पण एकदा डोळ्यांनी बघा आणि मग जा."

नाखवा पडवीत आला. डोळे बारीक केले. दिसत नव्हतं नीट, म्हणून अगदी जवळ गेला. शिंजीर आत होती, चोच तेवढी बाहेर. त्यानं हात न लावता बोटानं दोराकडे दाखवलं.

"दोरावर हाय?"

"दोरावरच आहे," काकू म्हणाल्या.

नाखव्यानं दाढी खाजवली. मग त्याला हसू फुटलं. "भाभी, तुमी वकील व्हायला पायजे होतं." आणि आबांकडे वळून म्हणाला, "बापाचा कायदा हाय. दोर सोडायचा न्हाय. गलबताच्या तळाला तेल-चुना लावायचा राहिलाच हाय, तेवढा करून घेतो. कवा उडनार ही तुमची मंडळी?"

आबांनी खुंटीवरची दुर्बीण काढली आणि नाखव्याच्या गळ्यात घातली, का ते त्यांनाही ठाऊक नसावं.

पुढचे दिवस सबंध गाव आमच्या पडवीत लोटला. बंदरावरचे खलाशी येऊन विचारून जायचे, "पोरं कशी हायत?" कावळ्याची तर काकूंनी दमछाक केली. आणि एका सकाळी पहिलं पिल्लू भुर्रकन उडून जास्वंदीवर जाऊन आपटलं, मागोमाग दुसरं. आबांनी नाही, काकूंनी आरोळी ठोकली. आणखी एक दिवस वाट बघितली, घरटं रिकामंच राहिलं, आणि मग आबांनी स्वतःच्या हातानं वाशावरचा दोर सोडला. घरटं तसंच गाठीला चिकटलेलं. ते काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. "हेही चाललंय. तिकडच्यांना दाखवीन. नुसतं त्यांचं बघून कसं चालेल?" पडवी एकदम मोकळी झाली आणि मला चालताना चुकल्यासारखं वाटायला लागलं, कारण इतक्या वर्षांत वाकून जायची सवय झाली होती.

आबा गेले, पावसाच्या तोंडावर परतही आले, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी आम्हाला आफ्रिकेतल्या गोष्टी सांगून बेजार केलं. नंतर मी त्यांना हजारदा पाहिलं असेल. म्हातारे होत गेलेले पाहिले. पण आबा म्हटलं की मला दिसतात ते बंदरावरचेच.

काकूंनी आम्हा बायकांना घरूनच बजावून आणलं होतं. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, कुठे निघालात असं विचारायचं नाही, आणि माणूस पाठ करून निघाला की मागून हाक मारायची नाही. मागून हाक मारली की काम फसतं. आबांनी दहीसाखर खाल्ली, काकूंकडे बघितलं आणि ते होडीत नाखव्याच्या शेजारी बसले. मांडीवर बोचकं, बोचक्यावर घरटं. होडी गलबताकडे निघाली. आबा पाठमोरे. आम्ही तोंडं घट्ट मिटून उभ्या.

आणि एकाएकी काकू किंचाळल्या, "अहो! अहो, थांबा! मागे बघा!"

सासूबाईंनी तोंडावर हात मारला. "मेले गो मी, मागून हाक मारलीस!"

पण काकू पाण्यात शिरल्या होत्या, लुगडं भिजतंय, आणि हात वर करून ओरडत होत्या, "वर बघा! तुम्ही बाकावर पालथे पडता ना, ते! ते आलेत!"

आम्ही वर पाहिलं. खाडीच्या मुखावरून एक लांब ओळ येत होती. माना सरळ पुढे, पाय सरळ मागे, काठीसारखे, आणि सकाळच्या उन्हात पंखांखाली माजघरातल्या तळ्यांचा गुलाल. कधी न आलेले, त्या दिवशी आले. त्यांची ओरड ऐकू येत नव्हती इतका आमचाच गलका झाला होता.

आबा वळले. होडीत उभे राहिले. खलाशी "बसा, बसा, आबा!" म्हणून ओरडतायत, होडी डुचमळतेय, आणि आबांनी बोचकं नाखव्याच्या हातात दिलं, वर एकदा बघितलं, मग किनाऱ्यावर काकूंकडे बघितलं, मान पुढे ताणली, एक पाय मागे काढला आणि दोन्ही हात पसरून हळूहळू, पोले पोले, वरखाली हलवायला लागले.

"पडतील ना!" काकू म्हणाल्या. त्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांचेही हात पसरलेले होते.